निघतानाचा फोटो

वहिनी आठवडाभर माणसांच्या हाडांचे फोटो काढायची आणि सुट्टीच्या दिवशी इमारतींच्या हाडांचे. हा विनोद तिच्या नवऱ्याचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तो केला आणि पुढे येईल त्या पाहुण्याला ऐकवला. पाहुणा हसला नाही तर समजावूनही सांगितला. वहिनी एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायची. श्वास घ्या, रोखा, सोडा, दिवसभर हेच. आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून बंद पडलेल्या गिरण्या, ओसाड शाळा, पत्रे उडालेली गोदामं असल्या जागी जायची, जिथे शहाणा माणूस भर दुपारीही पाऊल टाकणार नाही.

वन्संना वेड पक्ष्यांचं. वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. शाळेत खेळाच्या बाई होत्या, शिट्टी गेली तरी आवाज राहिला. हल्ली नणंदेला वन्सं कोण म्हणतं? वहिनीनं नव्या नवलाईत चिडवायला म्हणून सुरुवात केली आणि तेच तोंडात बसलं, अहो-जाहोसकट. वन्सं तिला वहिनी म्हणायच्या आणि अगं-तुगं करायच्या. नणंद म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी मन लावून केलं होतं. कोणत्या वर्षी दूध उतू गेलं, कोणत्या सुनेच्या हातून काचेचं भांडं फुटलं, सगळं तोंडपाठ. आणि त्या घरात सून एकच होती.

दोघींचा ड्रायव्हर, हमाल आणि पंच म्हणजे वहिनीचा नवरा. वन्सं त्याला दादा म्हणायच्या, आपणही दादाच म्हणू. दादानं स्वतः कधी एक फोटो काढला नाही. गाडीत पुढे त्याच्या शेजारी वन्सं बसायच्या, कारण पक्षी पुढे दिसतात. वहिनी मागे, ट्रायपॉडच्या तंगड्यांमध्ये अंग चोरून. तिनं तोंड वाकडं केलं की वन्सं म्हणायच्या, तुझ्या इमारती काय उडून जाणार आहेत? यावर बायकोची बाजू घ्यावी की नाही हे दादाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मात्र एक नियम दादाचा होता आणि तो दोघी पाळायच्या. पडक्या जागेत शिरलात तर ती जशी असेल तशी ठेवून निघायचं. उजेडासाठी खिडकी उघडली असेल तर लावायची, खुर्ची सरकवली असेल तर जागेवर ठेवायची. आणि सगळं झालं की दारात उभं राहून अख्ख्या खोलीचा एक फोटो काढायचा. त्याला तो निघतानाचा फोटो म्हणायचा. उद्या कुणी नळाची तोटी गेली म्हणून बोंब मारली तर आपल्याकडे पुरावा हवा, असं त्याचं म्हणणं. तोटीबद्दल कुणी कधी विचारलं नाही. पण वहिनीच्या प्रत्येक जागेच्या फोटोंचा शेवट त्याच फोटोनं व्हायचा, आणि तो तिचा सगळ्यात रटाळ फोटो असायचा.

मग दादा गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास न देता, आणि त्रास सगळा मागे ठेवून. वन्सं चार दिवसांसाठी म्हणून आल्या त्या राहिल्याच. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं स्वतःचं घर कुलूप लावून पडलेलं. इकडे त्यांनी घेतली ती छोटी खोली, जिथे वहिनी फोटो छापायची. प्रिंटर पॅसेजमध्ये आला आणि येता-जाता वहिनीच्या कमरेला लागू लागला. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पुढ्यात ठेवलं तर खायच्या, नाही ठेवलं तर मागायच्या नाहीत. कॅमेऱ्याची बॅग कपाटावर टाकली ती खाली काढली नाही. घरात रडायचं काम त्यांनी घेतलं, त्यामुळे वहिनीच्या वाट्याला स्वयंपाक, बिलं आणि ड्यूटी आली. तिला स्वतःला रडायला सवड झाली नाही, आणि पुढे पुढे ती इतकी थकली की राहून गेलेलं रडणं तिच्या ध्यानातही राहिलं नाही.

असं वर्ष उलटून गेलं. गावाबाहेरच्या टेकडीवर क्षयरोग्यांचं एक जुनं रुग्णालय होतं, कधीचं बंद पडलेलं. ते आता पाडणार असं कळलं तेव्हा वहिनी अर्ज-विनंत्या करून परवानगी घेऊन आली. पाडणाऱ्या मुकादमानं तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, बाई, इथे आहे काय फोटो काढण्यासारखं? वरच्या मजल्यावर एक लांबलचक वॉर्ड होता. खिडक्या सगळ्या फळ्या ठोकून बंद केलेल्या, एकच तेवढी उघडण्यासारखी. तिची लोखंडी कडी गंजून इतकी घट्ट झालेली की अंगठा लावून, वर उचलून, जोर केल्याशिवाय हलेना. वहिनीनं ती उघडली. उजेड आत आला आणि लोखंडी खाटांच्या सावल्या फरशीवर आडव्या पडल्या. तिनं कॅमेरा लावला आणि तेवढ्यात तिला वाटलं, घरी एक फोन करावा.

वन्संनी फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. नको नको ते वहिनीच्या मनात आलं आणि ती सामान कसंबसं कोंबून जिना उतरली, ती थेट घरी. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. टॉवेल गुंडाळून दार उघडत म्हणाल्या, काय गं, भूत बघितल्यासारखी? वहिनीनं काही नाही म्हटलं आणि कुकर लावला. आपण खिडकी उघडी टाकून आलोय, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. निघतानाचा फोटोही त्या दिवशी राहिला.

दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा गेली तर त्या उघड्या खिडकीतून भिंगऱ्यांची, पाकोळीसारख्या त्या पक्ष्यांची, जोडी आत-बाहेर करत होती. चोचीत चिखल आणून छताच्या तुळईला एक वाटी चिकटवायचं काम चाललेलं. रात्री जेवताना, गप्प बसून बसून कंटाळा आला म्हणून वहिनीनं हे सहज सांगितलं. वन्संचा घास हातात तसाच राहिला.

"शेपटीला तारेसारखी पिसं आहेत का?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात पक्ष्यांबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. वहिनीला शेपटीचं काही माहीत नव्हतं, तिनं तुळई बघितली होती. वन्सं म्हणाल्या, तुला इतकी वर्षं घेऊन फिरलो आम्ही, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि उठून, हात न धुताच, त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली.

तिथून दुसरी गंमत सुरू झाली. गंमत म्हणायची आपण, जिचा जीव मेटाकुटीला आला तिला विचारा. गुडघ्यांमुळे वन्संना गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे वहिनीनं ड्यूटी करायची, घरी यायचं, त्यांना टेकडीवर न्यायचं, काळोख पडायच्या आत परत आणायचं. एकाआड एक दिवस. निघताना ती खिडकी तेवढी उघडी राहू द्यायची, दादाच्या नियमाला अपवाद म्हणून. आणि गाडीत वन्सं बसायच्या मागे. पुढची जागा रिकामी. का, ते त्या बोलल्या नाहीत आणि हिनं विचारलं नाही. म्हणजे पूर्वी ती मागे बसून सामान होती, आता पुढे बसून ड्रायव्हर झाली.

पण वन्सं बदलल्या, हे खोटं नव्हे. जेवू लागल्या. सकाळी उठून दोघींची कार्डं कॉम्प्युटरवर उतरवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. वाटीत चार पिल्लं निघाली त्या दिवशी त्यांनी मुकादमालाच गाठलं आणि शाळेच्या मैदानावर झापावं तसं झापून कबूल करून घेतलं की पिल्लं उडेपर्यंत वॉर्डाच्या बाजूला घण लागणार नाही. तो बिचारा दुसऱ्या टोकाकडून पाडायला लागला. वहिनीला हे बघून बरं वाटायचं आणि त्याच वेळी वाटायचं, या बाईला पिल्लांनी उठवलं, माझ्यानं का नाही उठवलं गेलं?

आणि तिनं ठरवलं. पिल्लं उडाली की बोलायचं. "वन्सं, आता तुम्ही तुमच्या घरी राहायला हरकत नाही." एवढंच वाक्य. गाडी चालवताना ती ते मनातल्या मनात घोळवायची, कधी 'हरकत नाही' काढून 'बरं पडेल' घालायची, कधी सुरुवातीला 'राग मानू नका' लावायची. खोली परत मिळेल, प्रिंटर आत जाईल, आपण एक दिवस दार लावून सलग झोपू. तिला दुसरं काही नको होतं. वाईट आहे का यात काही? असेल तर असो, दमलेल्या माणसाला फार चांगलं राहायला जमत नाही.

तो दिवस दोघांचं काम एकटीनं ओढायचा होता. कामावरचा जोडीदार रजेवर, बाहेर रांग, मशीन मध्येच रुसलेलं. वहिनीचा पार पिट्ट्या पडला होता, तरी संध्याकाळी वन्संना घेऊन ती टेकडीवर गेली, कारण वन्सं तयार होऊन दारातच बसल्या होत्या. पिल्लांना आता पिसं फुटली होती. चारी चोची वाटीच्या काठावर ओळीनं. वन्संनी पोटभर फोटो काढले. मग गुडघा कुरकुरायला लागला म्हणून त्या आधी खाली निघाल्या, एकेक पायरी धरून. वहिनी मागे थांबली. कोपऱ्यातल्या हात धुवायच्या बेसिनांवर तिरका उजेड आला होता, तो तिनं टिपला. मग तिनं ट्रायपॉड मिटला, खाट सरळ केली, अंगठा लावून खिडकीची कडी बसवली, दारात उभं राहून निघतानाचा फोटो काढला आणि दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांची सवय. डोकं घरी पोचलं होतं, हात आपले नियम पाळत होते. रात्री दोघीही जेवून लगेच झोपल्या, कार्डं सकाळी बघू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, एक म्हातारे गृहस्थ छातीचा एक्स-रे काढायला आले. तिनं त्यांना पाटीला चिकटवून उभं केलं, खांदे पुढे करा म्हणाली, आत येऊन बटणावर अंगठा ठेवला आणि माइकमधून म्हणाली, श्वास घ्या, रोखा. तेव्हा तिला अंगठ्याच्या नखाशी तांबूस रेघ दिसली. सकाळी आंघोळ करूनही न गेलेली. आपण कुठे हात लावला बरं, असं तिच्या मनात आलं, आणि पुढच्या क्षणी तिला ती गंजलेली कडी आठवली.

गृहस्थ श्वास रोखून उभे. बाहेरचा पंखा चालू. वहिनी काचेपलीकडून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि तिला दिसत होती ती बंद खिडकी. शेवटी गृहस्थांना जोराची ढास लागली आणि वळून, लालबुंद तोंडानं त्यांनी विचारलं, "बाई, सोडू का आता?"

जोडीदार आजच कामावर आला होता. जाड चष्म्याचा, नियमावर बोट ठेवणारा माणूस. वहिनीनं त्याला सांगितलं, घरात आजारी आहे, मला गेलंच पाहिजे. मोठ्या मॅडमनी मागच्याच आठवड्यात तिला रजांवरून ऐकवलं होतं, आता पुन्हा गेलीस तर बघ, असं. चष्मेवाल्यानं ती आठवण करून दिली. वहिनी म्हणाली, बघू दे. आणि निघाली.

वन्संना फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण करून सांगायचं काय? वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई आत्ता कुठे माणसात आली, तिला सांगायचं की तुमची पिल्लं मी मारली? चार जीव, कालपासून उपाशी. आई-बाप बाहेर तारेवर, चोचीत किडे धरून. रस्त्यावर लाल दिवा लागला की ती स्टिअरिंगवर डोकं टेकायची. आणि एका दिव्यापाशी तिच्या मनात ते आलं, जे तिला नको होतं. पिल्लं उडाली की बोलायचं ठरवलं होतंस ना तू? रोज म्हणत होतीस ना, कधी एकदा संपतंय? मग ही कडी हातानं लावली की मनानं? तिनं मागच्या गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत विचार केला. आपण इतक्या वाईट असू शकतो, एवढंच कळलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली.

टेकडीवर मुकादमाची माणसं पलीकडच्या टोकाला घण घालत होती, धूळ उडत होती. वहिनीनं गाडीतून उतरून वर बघितलं. खिडकी उघडी होती. एक भिंगरी सप्पकन आत शिरली, दुसरी बाहेर पडली. तिला क्षणभर वाटलं, आपण लावलीच नव्हती. देवा, मी लावलीच नव्हती. मग तिनं अंगठ्याकडे बघितलं आणि जिना चढायला लागली.

वॉर्डात वन्सं लोखंडी खाटेच्या पट्ट्यांवर बसल्या होत्या. गुडघ्याला ओढणी घट्ट बांधलेली. चपलांना टेकडीची लाल धूळ, म्हणजे बसनं येऊन चढ पायी चढून आलेल्या. कॅमेरा बॅगेतच होता. शेजारी लेन्स पुसायचं मऊ कापड, चार घड्या घालून ठेवलेलं, आणि त्याला थोडा उंचवटा होता.

वहिनीला पाहून त्या दचकल्या, पण मैदानावरच्या बाई त्या, लगेच सावरल्या.

"रात्री वाऱ्यानं खिडकी लागली होती," त्या म्हणाल्या. "सकाळी मला आपली उगाच चुटपुट लागली, म्हणून आले. दोन गेली. दोन खातायत बघ."

तुळईवर दोन चोची उघडत होत्या. पूर्वीसारख्या जोरात नाही, पण उघडत होत्या. वहिनीला एवढंच कळलं की वन्संना माहीत नाही. सुटले, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबद्दल स्वतःचा राग आला.

वन्संनी विचारलं, तू कशी अशी ड्यूटी टाकून? वहिनी म्हणाली, मशीन बंद पडलं, लवकर सोडलं. वन्संनी बरं म्हटलं. दोघींनी मिळून खालच्या मातीत एक लहानसा खड्डा केला. कापडासकट. ते कापड दादानं आणलेलं होतं, भारीतलं. वन्सं म्हणाल्या, असू दे, तेवढं तरी मऊ.

घरी आल्यावर वन्सं गोळी घेऊन पडल्या. वहिनीनं भाजी चढवली आणि कॉम्प्युटर लावला. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आरोपीला आपला गुन्हा बघायची जी खाज असते, तीच. कालचे फोटो वन्संनी सकाळी उतरवून ठेवले होते, नेहमीप्रमाणे कार्डंही पुसली होती. पिल्लं, पिल्लं, खाटा, मग कोपऱ्यातली बेसिनं. आणि संपलं.

वहिनी पुढे सरकवायला गेली, पुढे काही नव्हतं. निघतानाचा फोटो नव्हता. तिला पक्कं आठवत होतं, तिनं दारात उभं राहून तो काढला होता. त्यात ती खिडकी होती, बंद, कडी लावलेली, समोरासमोर. तिनं पुसलेल्या फोटोंचा कप्पा उघडला. तोही रिकामा. ज्या बाईला अजून मेसेजमध्ये फोटो घालायला मदत लागते, तिनं तो फोटो शोधून पुसला होता, आणि मग पुसलेल्यांतूनही पुसला होता.

म्हणजे सकाळी फोटो बघूनच त्या धावल्या होत्या. म्हणजे वारा वगैरे काही नव्हतं, आणि ती गंजलेली कडी कुठल्याही वाऱ्यानं लागणारी नव्हती हे उघडणारीला चांगलं ठाऊक होतं. ज्या बाईनं इतक्या वर्षांत उतू गेलेलं एक दूध सोडलं नाही, तिच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा खरा गुन्हा आला होता, फोटोसकट. आणि तिनं तो पुरला.

वहिनी उठली, पॅसेजमध्ये आली, कमरेला प्रिंटर लागला, आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. पिल्लांसाठी, वन्संसाठी, आणि मग दादासाठी, ज्याच्यासाठी तिनं अजून धड डोळे भिजवले नव्हते. तोंडात पदर कोंबून रडली. आतून वन्संचा आवाज आला, "वहिनी, भाजी लागतेय गं खाली." आणि खरंच लागत होती.

पुढचे दिवस नेहमीसारखेच गेले. मोठ्या मॅडमनी व्हायचं ते बोलून घेतलं, वहिनीनं ऐकून घेतलं. संध्याकाळी टेकडी. वन्सं मागे, ती पुढे. निघताना वन्सं खिडकीजवळ उभ्या राहायच्या, कडीकडे न बघता. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणी ब्र काढला नाही. वहिनीला वाटायचं, यांना हाताची चूक माहीत आहे, मनातलं माहीत नाही. ते माहीत असतं तर एवढी माया केली नसती. हे ओझं तिच्यानं उचलवेना, खाली ठेवायलाही जागा मिळेना.

मग एका दुपारी, सुट्टीचा दिवस होता, दोन्ही पिल्लं उडाली. एक लगेच उडालं. दुसरं वाटीच्या काठावर बसून बराच वेळ विचार करत राहिलं. आई समोरून घिरट्या घालत होती, तरी ते हलेना. शेवटी वन्सं वैतागून म्हणाल्या, अगं उडी मार की आता, काय मुहूर्त बघतेस? आणि ते पडल्यासारखं सुटलं, खालच्या खाटेपर्यंत आलं, सावरलं आणि खिडकीतून बाहेर गेलं. दोघी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या तारेवर चौघं बसली होती, आखूड शेपट्यांची दोन मध्ये.

वन्संनी फोटो काढला नाही. कॅमेरा हातात होता, तरी नाही काढला. मग म्हणाल्या, "मुकादमाला सांगून टाक, आता घाल म्हणावं घण. आणि मी पण या आठवड्यात माझ्या घरी जाते. तुझा प्रिंटर घे आत."

वहिनी बघतच राहिली. तिचं वाक्य, कित्येक दिवस घोळवलेलं, दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" वन्सं तारेकडेच बघत होत्या. "गाडी चालवताना तू पुटपुटतेस, वहिनी. मागे बसलं की आरशात तोंड दिसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं काय बोलतायत ते ओठांवरून ओळखण्यात माझी सगळी नोकरी सरली. पहिल्या आठवड्यातच कळलं मला. म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत ही आपलं चालवून घेईल."

म्हणजे सगळंच माहीत होतं. फोटो बघितला त्या सकाळी, चढ चढताना, कडीशी झटताना, कापडाची घडी घालताना, हात कुणाचा आणि मन कुणाचं हा प्रश्न त्यांनाही पडलाच असणार. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वहिनीला वाटलं.

"वन्सं, त्या रात्री वारा नव्हता."

वन्संनी कॅमेऱ्याला झाकण लावलं, पट्टा गुंडाळला, बॅगेची चेन ओढली. सगळं सावकाश.

"होता," त्या म्हणाल्या. "तू दमली होतीस. तुला कळला नाही."

मग त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि दाराकडे निघाल्या. वहिनी खिडकीपाशीच थांबली. सवयीनं हात कडीकडे गेला होता, तो तिनं मागे घेतला. झडपा तशाच उघड्या ठेवून ती मागोमाग गेली आणि जिन्याच्या तोंडाशी तिनं वन्संचा दंड धरला, कारण पहिली पायरी उंच होती.

"प्रिंटर पॅसेजमध्येच बरा आहे," ती म्हणाली. "कमरेला सवय झालीय."

दोघी एकेक पायरी उतरू लागल्या, गुडघा सांभाळत, आणि अर्ध्या जिन्यात वन्सं म्हणाल्या की भाजीला मीठ मात्र तू हल्ली फार कमी घालतेस.